दुसऱ्या मजल्यावरचा पुकारा

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जिल्हा न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर पट्टेवाल्याने नऊ वर्षांच्या एका मुलीचे नाव मोठ्याने पुकारले. मैत्रिणीवर झालेल्या अत्याचाराची ती साक्षीदार होती. अशा खटल्यात मुलांची नावे पुकारत नाहीत. त्यांना मागच्या दाराने, आरोपीच्या नजरेआड आत नेतात. पण पट्टेवाल्याच्या गळ्याला वीस वर्षांची सवय होती.

मुलगी माझ्या समोरच्या बाकावरून उठली आणि हात वर करून म्हणाली, "हजर." नाव घेतले की ओ द्यायची, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. ती कुठे देऊ नये, हे शिकवायचे राहून जाते.

कठड्याजवळ उभ्या असलेल्या आरोपीच्या भावाने मान वळवली. "ही तर आपल्याच गल्लीतली," तो म्हणाला.

आईने तिचा हात खाली ओढला.

"चुकलं, ताई," पट्टेवाला पुटपुटला. "सवयीनं तोंडातून गेलं."

"आई, आता त्यांना कळलं ना?" मुलीने विचारले.

मग तिला मागच्या दाराने आत नेले. एक वाजता न्यायालय जेवणासाठी उठले. आरोपी तिला दिसू नये म्हणून आत पडदा लावलेला होता, असे सरकारी वकिलांनी बाहेर येऊन सांगितले. तोपर्यंत मुलीने एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते.