मामाची चौकट कोरी होती

पप्पा गेले आणि माझी भीती बेरोजगार झाली.

आज वर्ष झालं.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला होता. हलकाच. हातपाय वाचले, पण काही दिवस शब्द सापडेनात. पाणी हवं असलं की नुसतं ग्लासकडे बघायचे.

मग शब्द परत आले. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा अडायला लागले तर थांबू नका, लगेच आणा."

झालं! मी मूळचीच घाबरट, त्यात हे.

पप्पांना रविवारच्या पेपरातलं मोठं शब्दकोडं सोडवायचा नाद. रिटायर होईपर्यंत कंपनीत लेथ मशीनवर काम केलं, पण सुट्टीच्या दिवशी कोडं हातात असलं की त्यांना जेवायला हाक मारायची कुणाची टाप नव्हती.

मी त्या कोड्याचंच चेकअप करून टाकलं. दर रविवारी मोशीहून स्कूटर काढायची, रहाटणीला त्यांच्या घरी पोचायचं आणि "कसे आहात" विचारायच्या आधी पेपर बघायचा. चौकटी भरलेल्या दिसल्या की जीव भांड्यात पडायचा.

मम्मी म्हणायची, "अगं, आधी माणसाकडं तरी बघ."

एका रविवारी पेपर उचलला आणि बघते तर काय.

'काय करावे हे न सुचलेला, सहा अक्षरी.' पप्पांनी झोकात लिहिलं होतं, किंकर्तव्यमूढ.

'आईचा भाऊ, दोन अक्षरी.' कोरं.

'भाजी चिरण्याचे साधन, दोन अक्षरी.' तेही कोरं.

संपलं, म्हटलं. ह्यांना मामा आठवत नाही.

"पप्पा, चप्पल घाला. हॉस्पिटलला जायचंय."

"कुणाला काय झालं?"

"मम्मीचा भाऊ माझा कोण लागतो?"

"मामा. का? आलाय का तो?"

मी पेपर पुढं धरला. रडूच फुटलं. "मग हे का नाही भरलं?"

पप्पा म्हणाले, "अगं येडे, ते तुला ठेवलंय. आमच्यात शिफ्ट सोडताना लेथवर एखादा सोपा जॉब लावून ठेवायचो. पुढच्या शिफ्टवाल्याला आल्या आल्या हात घालायला काम पाहिजे ना. तू येतेस, पेपर बघतेस, पळतेस. म्हटलं, हे भरायला तरी टेकशील जरा."

मम्मी किचनमधून हसत होती. मी नाक पुसत 'विळी' लिहिलं.

त्यानंतर दर रविवारी माझ्यासाठी सोपे शब्द असायचे. भीती काही गेली नाही. चाकणला माझ्या कंपनीतून मी रोज लंचमध्ये पप्पांना फोन करायचे, आणि ते काय बोलतात यापेक्षा कसं बोलतात तेच ऐकायचे.

शेवटच्या दिवशीही केला.

"आज संध्याकाळी इकडं येणारेस ना, येताना कोथिंबीर आण. आणि ट्रॅफिकमध्ये घाई करू नको."

खणखणीत आवाज. एक शब्द अडखळला नाही. फोन ठेवून मी निवांत डबा खाल्ला.

संध्याकाळी ते हार्ट अटॅकने गेले.

इतके दिवस मी पहारा दिला तो भलत्याच दारावर.

पप्पा, तुमचे शब्द शेवटपर्यंत तुमच्याजवळ राहिले. तेवढे राहू देत, म्हणून मी रोज घाबरत होते. तेवढेच राहिले.

आज श्रद्धांजली लिहायला सकाळपासून बसलेय, आणि मलाच शब्द सापडत नाहीयेत.

जय भीम, पप्पा.