बोनेटवरचा चहा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी साचत जातात, ग्रीस आणि किस्से. ग्रीस निदान रॉकेलनं तरी निघतं!

नांदेडला लातूर रस्त्यावर जब्बार उस्तादचं गॅरेज आहे. रविवारी सकाळी आम्ही गाडीवेडे तिथं जमतो. गाड्या बिघडलेल्या असतात म्हणून नव्हे. चांगल्या असतात, त्यांना अजून पळवायचं असतं. उस्तादला स्वतःची स्तुती ऐकायला लई आवडतं, आणि कुणी केली नाही तर तो स्वतःच करतो.

*

आमच्यातला सगळ्यात वेडा प्रशांत. बँकेत नोकरी, शांत चेहरा, आणि गाडी अशी की बाहेरून बघितलं तर भाजी आणायला निघालीय असं वाटावं. आत मोठा टर्बो, इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा!

पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसलो तेव्हा त्यानं फक्त विचारलं, "बेल्ट लावला का?" पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पाठ सीटला चिकटली. एवढ्याशा डब्यात एवढी ताकद कुठून येते, याचं मला आजही नवल वाटतं.

उस्ताद म्हणाला, "ताकद इंजिनची न्हाई, पेट्रोलची हाय. ते पाईपात हाय तवर आपलं. बाहेर आलं की कुणाचंच न्हाई."

*

जळकोटचे एक पाटील आहेत. त्यांच्या जीपची पेट्रोलची नळी शेतातच फाटली. त्यांनी काय करावं? फवारणी पंपाची नळी कापली आणि बसवली! तशीच गाडी चालवत नांदेडला आले.

"उस्ताद, ही नळी जहर झेलती. पेट्रोल काय चीज हाय?"

उस्तादनं नळी काढून त्यांच्या हातात दिली. ती फुगून अंगठ्यासारखी झाली होती, दाबली की बोट आत जात होतं. पाटलांनी ती बराच वेळ दाबून बघितली.

"म्हंजे औषधापेक्षा जहाल चीज हाय ही!" ते म्हणाले. त्या दिवसापासून पाटील पेट्रोल पंपावरही आवाज हळू करून बोलतात.

*

प्रशांतनं एकदा ऑनलाइन फ्यूएल रेग्युलेटर मागवला. पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा हा पार्ट. लालभडक, चकचकीत, वर 'रेसिंग' लिहिलेलं आणि एक छोटा गोल मीटर. गाडीला बसवला, मीटरचा काटा बरोबर मधोमध! प्रशांत खूश.

मग पेट्रोलचा वास येऊ लागला म्हणून उस्तादनं तो पार्ट खोलून टेबलावर ठेवला. काटा अजून मधोमधच!

उस्तादनं मीटरवर टिचकी मारली. "लई इमानदार मीटर हाय. घरी बसून बी ड्यूटी करून राहिलाय!"

आम्ही हसलो. प्रशांत हसला नाही, त्यानं दुसरा मागवला.

*

आता चहाची गोष्ट सांगायलाच हवी.

हदगावकडं उस्तादनं एक गाडी जळताना बघितली होती. कुणीतरी पेट्रोलची नळी आवळायला बाजारातला स्वस्त क्लॅम्प लावलेला, तो सुटला आणि पेट्रोल तापलेल्या टर्बोवर उडालं. मालक वेळेवर बाहेर पडला. तो आणि उस्ताद रस्त्याच्या कडेला उभे, गाडीत कुणी नाही, आणि हॉर्न वाजून राहिला! तारा वितळल्या की वाजतो म्हणे आपोआप. उस्ताद एरवी तिखटमीठ लावून सांगणारा माणूस. हे सांगताना त्याचा आवाज खाली येतो.

तेव्हापासून त्याच्या गॅरेजचा नियम: पेट्रोलच्या लाइनीचं काम झालं की इंजिन चालू ठेवायचं, आणि ज्यानं पार्ट बसवला त्यानं बोनेटवर बसून अख्खा कप चहा प्यायचा. घाई करायची नाही. उस्ताद स्वतः असा बसतो की जणू तख्तावर बसलाय.

*

गेल्या रविवारचा हा किस्सा.

प्रशांतच्या बहिणीच्या बाळाचं लातूरला बारसं होतं. हा आईला घेऊन निघाला आणि वाटेत गॅरेजवर थांबला. त्याच्या आई उमरीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आम्ही त्यांना बाई म्हणतो. उस्तादही म्हणतो.

"जय भीम, बाई," उस्तादनं खुर्ची पुढं केली.

"जय भीम. बसत न्हाई जब्बारभाई, बारशाला उशीर होईल."

प्रशांतनं ऐटीत बोनेट उघडलं. नवा रेग्युलेटर! पुन्हा ऑनलाइनच, आणि ह्या वेळी घरी स्वतः बसवलेला.

उस्तादनं वाकून वास घेतला, मान हलवली. "मला पसंत न्हाई."

"गाडी ओके हाय, उस्ताद."

"मग पी चहा."

"हाव, पितो की!"

प्रशांतनं इंजिन चालू केलं, बोनेट लावलं, टुणकन वर बसला. आम्ही नकळत दोन पावलं मागं सरकलो. तो आमच्याकडं बघून हसत फुर्रकन चहा पीत होता. माणसाला भीती कशी वाटत नाही, याचंच आम्हाला आश्चर्य!

बाई सगळं बघत होत्या. त्यांनी पर्स उस्तादच्या हातात दिली, पदर खोचला, टायरपाशी स्टूल ओढलं.

"सरक जरा," त्या प्रशांतला म्हणाल्या. "गाडीत मी बी बसणार हाय. माझा बिनसाखरेचा सांगा."

आणि बसल्या त्याच्या शेजारी! चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली.

प्रशांतचा कप हातातच राहिला. तो एकदा आईकडं बघे, एकदा खाली बोनेटकडं. मग उडी मारून उतरला, खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली. इंजिन बंद.

"आई, खाली उतर," तो म्हणाला. "लातूरची बस मिळंल अजून."