आत्या आणि लाल झालेला व्हॉल्व्ह

माझी आत्या व्हॉल्व्हची माणूस. जुन्या रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरमधल्या त्या काचेच्या दिव्यांवर टिचकी मारून, कान लावून, ती त्यांचं उरलेलं आयुष्य सांगायची. जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक खिडकी, एवढंच तिचं दुकान. ही विद्या आजोबांनी तिला दिली, माझ्या वडिलांना नाही. ते वडिलांना कायम टोचत राहिलं.

म्हणून आजोबांनी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर वडिलांनी आपल्याकडे आणला आणि आत्याला त्याला हात लावू दिला नाही. त्यातला ट्रान्सफॉर्मर आजोबांनी हातानं, वेढा वेढा मोजत गुंडाळला होता. तो जळला असता तर तसा दुसरा कुठेच मिळाला नसता.

एका दुपारी आत्या सहज घरी आली. गाणं चालू होतं. ती बसलीच नाही.

"दादा, बंद कर ते."

"आली मास्तरीण! अगं, अकरा वर्षं तेच व्हॉल्व्ह आहेत. एकदा कुरकुर नाही."

"उजवा बघ."

उजव्या व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा मधोमध लाल झाला होता, विस्तवावर विसरलेल्या उलथन्यासारखा.

"दिवा आहे. उजेड पडणारच."

"उजेड तारेचा असतो. पत्रा लाल म्हणजे व्हॉल्व्ह संपलाय. नको तेवढा करंट ओढतोय, आणि तो सगळा बाबांच्या ट्रान्सफॉर्मरमधून जातोय."

"सरळ म्हण ना, गिऱ्हाईक हवंय."

 आईच मध्ये पडली, "पण तसं काही झालं तर फ्यूज उडेल ना?"

वडिलांनी आवाजाचं बटण उगाच थोडं फिरवलं.

"दादा?"

"परवा दोनदा उडाला. मग त्याच्यावर तार गुंडाळली. आता उडत नाही."

गाणं फाटलं. घरघर झाली, आणि ट्रान्सफॉर्मरमधलं डांबर तापल्याचा वास खोलीभर पसरला. आत्यानं भिंतीतली पिनच उपटली.

अ‍ॅम्प्लिफायरची पेटी उलटी करून तिनं तळ उघडला. डावा हात पाठीमागे, कमरेवर. आत साठलेली वीज दोन हातांतून छातीत शिरते, म्हणून. ती वीज उतरवून तिनं मीटर लावला. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीच्या पहिल्या अर्ध्या भागावर काटा उचलला. दुसऱ्यावर हललाच नाही. म्हणजे तिथली तार जळून तुटली असावी. आत्यानं जोडावरचा काळा थर सुरीनं खरवडला, टोक पुन्हा टेकवलं.

काटा सावकाश वर गेला.

"वाचलाय," ती म्हणाली. "आता दोन्ही व्हॉल्व्ह बदलू. एकच नवा घातला तर जोडी जुळत नाही, भार त्याच्यावर येतो."

"नवे टिकतील किती?"

"रोज दोन तास लावलास तर चार-पाच वर्षं. नंतर वाजत असले तरी मला दाखवायचे."

"बरं."

वडिलांनी व्हॉल्व्हकडे हात नेला.

"भाजशील. आधी निवू दे."

मग ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि फ्यूजवरची तार नखानं सोडवायला लागले. फार घट्ट गुंडाळली होती.