सहा तारखेचं कमळ

माझ्या बायकोचा जन्म सहा डिसेंबरचा आहे आणि यात तिची काहीएक चूक नाही.

तसा डिसेंबर महिना जन्माला यायला झकास. आमच्या नगरपालिकेतल्या एका बाबूचा वाढदिवस पंचवीस तारखेला येतो. अख्खं पांढुर्णा आपल्यासाठीच केक विकून राहिलं, असा त्याचा समज आहे. माझा साडू एकतीस तारखेचा. त्याच्यासाठी तर रात्री सारं जग फटाके फोडते! आमच्या रंजनाच्या वाट्याला मात्र सहा तारीख आली. बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. आमच्या वस्तीत त्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालतात, संध्याकाळी विहारात मेणबत्ती लावतात, वंदना होते, मौन होते. घरात गोड शिजत नाही. अशा दिवशी केक कापायची कोणाची छाती आहे?

लग्नानंतर मी एकदा विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, "त्या दिवशी माहा वाढदिवस नाही होय जी. तो दिवस बाबासाहेबायचा." विषय संपला. (आमच्या घरी विषय संपवायचा मान तिच्याकडेच आहे.)

यंदा तिला पन्नास पूर्ण होणार होती. नागपुरात नोकरी करणाऱ्या आमच्या पोरीचा, प्राचीचा, फोन आला. "बाबा, आईचा वाढदिवस सात तारखेला करू ना! सहाचा मान सहाले, आईचा मान साताले."

इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही, म्हणून मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मग ठरलं. सात तारखेला सकाळच्या गाडीनं प्राची येणार, सौंसरहून रंजनाचा भाऊ येणार, केकची ऑर्डर मी देणार, आणि रंजनाला पत्ता लागू द्यायचा नाही.

पाच तारखेला प्राचीनं बसवाल्याच्या हाती एक डबा पाठवला. उघडून पाहतो तर आत गुलाबी कमळ! प्लास्टिकचं, मिटलेलं, पाकळ्यांच्या टोकावर बारक्या मेणबत्त्या आणि मधोमध एक जाड वात.

मी फोन केला. "हे काय होय बाई?"

"केकवर लावाची मेणबत्ती होय बाबा. पेटवली का मंग गंमत पाह्यजा!"

गंमत काय ते मी विचारलं नाही. माझं लक्ष ते लपवायचं कुठं याच्यात होतं. रंजनाच्या हाताखालून न जाणारा एकही डबा आमच्या घरात नाही. शेवटी मला भारी युक्ती सुचली. मायच्या पेटीत! माझ्या मायची लोखंडी पेटी पलंगाखाली असते, तिला कोणी हात लावत नाही. वर मायचं पांढरं लुगडं होतं, त्याच्या घडीत कमळ सरकवलं आणि मी मोठ्या ऐटीत जेवायला बसलो.

आता ते पांढरं लुगडं माय कोणत्या दिवशी काढते, याचा विचार एखाद्या शहाण्या माणसानं केला असता. मी नगरपालिकेच्या पाणी विभागात आहे.

सहा तारखेला दुपारी मायनं पेटी उघडली. घडीतून कमळ निघालं. म्हातारीला काय वाटलं असेल, मला आता पूर्ण समजते. विहारात दरवर्षी सगळ्यात स्वस्त मेणबत्तीचा पुडा नेणारा तिचा पोरगा! त्यानं यंदा बुद्धाच्या पायाशी लावायला एवढं भारी कमळ आणलं, आणि मोठेपणा नको म्हणून आईच्या लुगड्यात लपवलं! ती म्हणे पेटीपाशी बसून डोळे पुसत होती. मग तिनं ठरवलं, पोरगा लाजाळू आहे तर त्याचं नाव आपणच करू. कोणाला काही न बोलता तिनं कमळ पदराखाली घेतलं.

संध्याकाळी विहार गच्च भरला होता. त्रिशरण, पंचशील झालं. रंजना महिला मंडळाची अध्यक्ष, म्हणून वंदना तिनंच म्हटली. काय आवाज लागला होता बाप्पा! मी मागं पुरुषांमध्ये बसून अभिमानानं आजूबाजूला पाहत होतो. समितीचे धनराजकाका उठले. हा माणूस इतका कडक की विहारात त्यांच्यासमोर खोकलाही परवानगी घेऊन येतो. ते म्हणाले, "आता दोन मिनिटं मौन."

तेवढ्यात माय उठली. "थांब रे धनराज. माह्या पोरानं कमळ आणलं, ते लावू दे पयले."

तिनं पदर बाजूला केला. हातात तेच गुलाबी कमळ!

मी बसल्याजागी हातवारे सुरू केले. "नाही, नाही, माय, नाही!" मायला वाटलं पोरगा लाजून राहिला. "पाह्य, कसा करते!" ती बायांना कौतुकानं म्हणाली. आणि कमळ तिनं कोणाच्या हाती द्यावं? सुनेच्या! "तू लाव वं रंजना."

रंजनानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहत होती. मग वाकून तिनं मधली वात पेटवली.

फुस्स! हातभर उंच फुलबाजा उडाला. पाकळ्या हळूहळू उघडल्या, टोकावरच्या सगळ्या मेणबत्त्या आपोआप पेटल्या आणि कमळ गोल गोल फिरायला लागलं. सारा विहार म्हणाला, "साधू, साधू, साधू!" धनराजकाकांचेही हात जोडले गेले. क्षणभर मला वाटलं, निभावलं! एवढीच गंमत असावी! सगळ्यांनी डोळे मिटले. मौन सुरू झालं.

आणि कमळ गायला लागलं.

टिं टिं टिं टिं, टीं टीं! वाढदिवसाची तीच ती धून, मच्छरानं बाजा शिकावा तशा आवाजात! पूर्ण मौनात!

मी माणसं ओलांडत धावलो. फुंकर मारली, मेणबत्त्या विझल्या, गाणं चालूच. उलटं करून पाहिलं, बटनच नाही! पाकळ्या दाबून मिटवल्या तर आतून अजून जोरात. शालीत गुंडाळून त्यावर बसलो, तर आता माझ्यातूनच गाणं यायला लागलं. शेवटी पाण्याच्या माठात बुडवलं. पाण्यात त्याचा गळा बसला, पण त्यानं धीर सोडला नाही. चावी फिरवून अर्ध्या पांढुर्ण्याचं पाणी बंद करणारा मी, पण मला एक कमळ बंद करता येईना!

मी ते घेऊन बाहेर पळालो. समोर बांधकामाची रेती पडली होती, तिच्यात खोल पुरलं. तर रेतीचा ढीग गाऊन राहिला!

मागं वळून पाहतो तर सगळा विहार दारात. सगळ्यात पुढं धनराजकाका. "काय होय हे?"

"काका... ते उद्यासाठी होतं जी. रंजनाचा वाढदिवस... म्हणजे असते आजच, पण करणार होतो उद्या..."

"आज? सहा तारखेले?"

मी रंजनाकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पन्नास वर्षं जिनं या दिवसाला स्वतःच्या नावाचा डाग लागू दिला नाही, तिच्या हातानं मी भर मौनात तिच्याच वाढदिवसाचा बाजा वाजवला होता. मला त्या रेतीत कमळाच्या बाजूला जागा मिळाली असती तर बरं झालं असतं.

एवढ्यात माय पुढं आली. काठी टेकत माझ्यासमोर उभी राहिली. "धनराज, माह्या पोराले बोलू नोको. मी इथं आणलं ते. मले वाटलं पूजेचं कमळ होय."

धनराजकाका रंजनाकडं वळले. म्हणाले, "बाई, कितवा वाढदिवस?"

"पन्नासावा, काका."

"अन् एकही केला नाही?"

रंजना खाली पाहत म्हणाली, "कसा करन? आज दिवा लावाचा तो बाबासाहेबायसाठी, असं माहे बाबा म्हणत. संत्र्याच्या बगीच्यात मजुरीले जात ते. या दिवशी विहारातून आले का खिशातून एक संत्रं काढून माह्या हातावर ठेवत. बोलत काही नव्हते. तेवढाच माहा वाढदिवस. बाबा गेल्यावर तेही बंद झालं."

खरं सांगतो, एवढ्या वर्षांच्या संसारात ही संत्र्याची गोष्ट मला माहीत नव्हती. मी कधी विचारलंच नव्हतं.

काकांनी उपरण्यानं चष्मा पुसला, मग डोळे पुसले. "चला आत. मौन पुन्हा होईन." मौन पुन्हा झालं. लांबून रेतीतून बारीक टिं टिं येत होतं, पण कोणी हसलं नाही. (शेजारच्या पोरानं नंतर कबूल केलं, तो ओठ चावून बसला होता.)

सात तारखेला संध्याकाळी केक दहा जणांचा आणि दारात अख्खी वस्ती! पुढं धनराजकाका, हातात एक संत्रं. त्यांच्या मागच्या बाईच्या हातात एक संत्रं. तिच्या मागच्यांच्या हातातही! एकेक जण यायचा, रंजनाच्या हातावर संत्रं ठेवायचा आणि काही न बोलता बाजूला व्हायचा. चौथ्या की पाचव्या संत्र्याला ती रडायला लागली, आणि मग आम्ही सगळेच. केक वाटताना एकेकाला बोटाला लागेल एवढा आला, तरी कोणाची तक्रार नव्हती.

केकवर काय लावायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मायनं विहारातली उरलेली साधी मेणबत्ती काढून दिली. रंजनानं ती फुंकली नाही. केक कापला आणि पेटती मेणबत्ती नेऊन बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवली.

पाहुणे गेल्यावर ती संत्र्यांच्या ढिगापाशी बसली. एक सोललं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, "चुकलंच माझं रंजना. पुढच्या वर्षी नीट करतो."

"पुढच्या वर्षी काही करू नका जी," ती म्हणाली. "फक्त एक संत्रं आणजा. अन् ते वाजत नाही ना, तेवढं पाहून घेजा."

तेव्हापासून बाजारात मी प्रत्येक संत्रं कानाशी लावून हलवून पाहतो. सवयच लागली. परवा फळवाला कंटाळून म्हणाला, "साहेब, संत्रं होय ते, नारळ नाही!"