तात्यांची रडवणारी पत्रं

माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा माझा नवरा जिवंत होता. तो पुण्याच्या दवाखान्यात खाटेवर पडून माझी वाट बघत होता, आणि इकडे माणदेशात, आमच्या दारात, चुलत सासूनं माझं मनगट दगडावर धरलं होतं. मी रडले नाही असं बायका नंतर बोलल्या. खरं आहे. मला ते पटलंच नव्हतं, म्हणून रडले नाही. पण मला विचारतं कोण?

हे सगळं एका पत्रावरून झालं. ते पत्र तात्यांनी लिहिलं होतं, आणि मला सांगायचं आहे ते तात्यांबद्दल.

तात्या कासारवाडीला राहत. पिंपरीला तेव्हा एक मोठा कारखाना उभा राहत होता. तिथल्या ठेकेदाराकडे मजुरांची हजेरी लिहिण्याचं त्यांचं काम. रविवारी स्टेशनाजवळ लिंबाखाली पोतं टाकून बसायचे आणि मजुरांची घरची पत्रं लिहून द्यायचे. आवड म्हणून. उंच, जरा वाकलेला माणूस, सदऱ्याच्या खिशावर कायम शाईचा डाग. लिहिताना स्वतःच रडायचे. मग डोळे पुसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. म्हणायचे, "ज्यानं गाव रडलं नाही ते पत्र कसलं? ती पावती!"

गाव खरंच रडायचं. एका गड्याला घरून फक्त घोंगडी मागवायची होती. तात्यांनी थंडीचं असं वर्णन केलं, हाडं गोठली, दात वाजतात, आईच्या मायेची ऊब आठवते, की त्याचा म्हातारा बाप घोंगडी खांद्यावर टाकून स्वतः कासारवाडीला आला आणि पोराला म्हणाला, "चल घरी. मरायचं ते आपल्या दारात मर." पोरगा धडधाकट, तांबडालाल. त्या दिवशी सगळे हसले. तात्याही हसले आणि वर म्हणाले, "बघा, काय ताकद आहे लेखणीत!"

त्याच पावसाळ्यानंतर माझा नवरा, सीताराम, बांधकामाच्या परांचीवरून खाली पडला. पाठ मोडली. पण शुद्ध होती, बोलत होता. तात्यांना म्हणाला, "बायकोला बोलावून घ्या." तात्यांनी त्याच दिवशी पत्र टाकलं.

चौथ्या दिवशी ते गावात आलं. आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी, चौथीपर्यंत शिकलेली. पण सुनेच्या हातात पत्र कोण देतो? ते शाळेच्या गुरुजींकडे गेलं. गुरुजी दोन ओळी खड्या आवाजात वाचून गेले, मग आवाज खाली आला. 'लेखणी धरवत नाही. काळापुढे कोणाचे चालत नाही. सीतारामची प्रकृती अत्यंत गंभीर आहे. धीर सोडू नये, ईश्वरी इच्छेपुढे इलाज नाही. पत्र पाहताच निघावे.'

आमच्याकडे मेल्याचं कोणी सरळ लिहीत नसे. गंभीर आहे, असंच लिहीत. गंभीर म्हणजे गेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सासरे एवढंच म्हणाले, "समजलं." आणि गुरुजींनी पत्र तिथंच फाडलं. मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. त्यामुळे पुन्हा वाचायला काही उरलंच नाही.

मी सासूला म्हटलं, "बघून तरी येऊ."

सासऱ्यांनी आतून ऐकलं. "आता काय बघायचं ऱ्हायलंय? चार दिस झालं. मातीबी झाली आसंल."

पत्रावरची तारीख धरून दहावा घातला. कावळा लगेच शिवला. तेव्हापासून माझा कावळ्यावर विश्वास नाही.

दहावा उरकून दीर अस्थी आणायला निघाला. डोकं भादरलेलं, हातात रिकामं गाडगं. दवाखान्यात त्यानं नाव सांगितलं, तर तिथला माणूस म्हणाला, "काल गेले."

"काल? म्हंजी कालपत्तुर जित्ता व्हता?"

बारा दिवस जगला होता. तात्या रोज काम सुटल्यावर जात. त्यानं रोज विचारलं, "आली का?" आणि तात्यांनी रोज सांगितलं, "निघाली असेल. गाड्यांचं काही खरं नसतं." अग्नीही तात्यांनीच दिला.

दीर परत आला, त्यानं सांगितलं. सासऱ्यांनी पुन्हा दहावा घातला नाही. "एकदा झालाय," म्हणाले.

वर्षानं मी मावसबहिणीबरोबर त्याच बांधकामावर घमेली उचलायला आले. सासरी माझं खाणं जड झालं होतं. पहिल्या सकाळी हजेरीला एक उंच माणूस नाव विचारत होता. मी सांगितलं, नवऱ्याचंही सांगितलं. टाक तिथंच थांबला, कागदावर शाईचा ठिपका पडला. मागच्या बाया ओरडल्या, "आवरा की तात्या, ऊन चढलं!"

दुपारी ते माझ्याजवळ आले. "वहिनी, ते पत्र मी लिहिलं होतं."

"आठवतंय?"

त्यांना पाठ होतं. त्यांनी म्हणून दाखवलं, शेवटपर्यंत.

मी म्हटलं, "ह्यात तो जिता हाय आसं कुठं लिवलंय?"

"गंभीर आहे म्हटलं की जिवंतच..."

"आमच्याकडं न्हाई."

ते हजेरीचं पुस्तक काखेत धरून निघून गेले. मी समजूत घातली नाही. ती घालायचं माझं काम नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला लिंबाखाली बोलावलं. म्हणाले, "तुम्ही बसा इथं. मी लिहितो ते वाचा, आणि गावात काय समजतील ते सांगा." मी बसले. राग होता, तरी बसले. पाचेक वर्षं बसले. त्यांच्या पत्रातलं मी काढायला लावी. काळ काढा. ईश्वर काढा. हाडं गोठणं काढा. ते गुमान काढत. नव्या माणसाला सांगत, "आधी जीव सांगायचा, मग दुखणं. ऐकणारा पहिल्या ओळीतच उठून जातो, बाकीचं त्याच्या कानापर्यंत पोचत नाही." त्यांचं रडणं थांबलं. लिहिताना चेहरा दगडासारखा असे.

लोकांना ते आवडलं नाही. "तात्या, मागल्यावाणी लिवा की. आईच्या डोळ्यात पाणी आलं पायजे."

"आई रडत बसेल आणि गाडी चुकेल."

"मग ही तारच झाली राव, पत्र कुठं ऱ्हायलं?"

हळूहळू माणसं पिंपरी कॅम्पातल्या दुसऱ्या लेखकाकडे जाऊ लागली. तो भरपूर रडवायचा. तात्या रविवारी पोतं टाकून बसत, आणि पुष्कळदा आम्ही दोघंच असू. एकदा म्हणाले, "वहिनी, मला छान लिहिता येत होतं हो." मी म्हटलं, "येत होतं." खोटं कशाला बोलू?

मग त्यांना छातीचं दुखणं लागलं. बायको आधीच गेलेली. मुलगा कोल्हापूरकडे नोकरीला, शिकलेला. तात्या म्हणाले, "पत्र तुम्ही लिहा. मला माझ्या हाताचा भरवसा नाही." मी लिहिलं. 'तात्या जिवंत आहेत. बोलतात. छातीचं दुखणं आहे, वाढतंय. तुम्हाला भेटायचं म्हणतात. लगेच या.' त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "ह्यात कुणी चुकायचं नाही."

पत्र टाकल्यापासून दहाव्या दिवशी मुलगा आला. तात्या सातव्या दिवशी गेले होते. तो माझ्यावरच चिडला. "जिवंत आहेत, बोलतात, असं तुम्हीच लिहिलंत. मला वाटलं, साधं दुखणं. रजा पुढच्या आठवड्यात मिळत होती, म्हणून थांबलो. जरा तरी जोर लावून लिहायचं होतंत!"

"लगेच या, लिहिलं होतं."

"ते सगळेच लिहितात," तो म्हणाला.

  अजूनही कोणाला पत्र लिहायचं म्हटलं की माझा हात थांबतो.

सीताराम गेला, तात्या गेले. मी आहे.