म्हैसूरला गेलेला भाडेकरू

येलहंक्यात अंबूअक्कांच्या घरी आम्ही सहा पोरं भाड्यानं राहतो, सगळी विद्यापीठातली. मी करमाळ्याचा, म्हणजे अक्कांच्या लेखी परदेशीच. त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलं. अक्का बोलतात मराठीत, भांडतात कन्नडमध्ये.

खरा परदेशी चिसोमो, मलावीहून संख्याशास्त्र शिकायला आलेला. पाच घरमालकांनी त्याला नाही म्हटलं होतं. परदेशी माणूस ठेवला की तो आल्याचा फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरावा लागतो आणि गेला की गेल्याचाही. एवढी कटकट कोण करणार?

"भरू की! फॉर्मसाठी पोराला रस्त्यावर ठेवायचं?" म्हणत अक्कांनी चष्मा लावला. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. नोकरीत एक नोंद चुकली नाही, हे रोज एकदा ऐकवतात.

दुसऱ्या आठवड्यात चिसोमोचा परदेशी नागरिक म्हणून सरकारी नोंदणीचा अर्ज अडकला. 'दिलेल्या पत्त्यावर आपण राहत नाही, चार दिवसांत खुलासा करा.' नोंदणी नाही तर प्रवेश रद्द, मग थेट विमानतळ. "पण मी तर इथेच आहे!" तो स्वतःलाच चाचपून बघितल्यासारखा म्हणाला.

आम्ही वेबसाइटला शिव्या घातल्या. अक्का हळूच म्हणाल्या, "तो गेला होता की. मी लिहिलं तसं."

"कुठे गेला होता?"

"म्हैसूरला. दोन दिवस."

"अहो अक्का, ते कायमचं गेल्यावर लिहायचं!"

"तसं तिथं कुठं लिहिलंय?"

"बरं, मग परत आल्याचं का नाही लिहिलंत?"

अक्कांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "त्यानं मैसूरपाक आणला ना. त्या नादात राहिलं."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. आल्याचा नवा फॉर्म भरला, मग खुलासा मला सांगून टाइप करून घेतला: 'मुलगा दोन दिवस फिरायला गेला होता. त्याचा कुकर, पुस्तकं आणि दोरीवरचे तीन शर्ट इथंच होते. चूक माझी, मुलाची नाही.'

"अक्का, शर्ट कशाला?"

"राहू दे रे. माणूस राहतो म्हणजे काय, ते साहेबाला कळू दे स्वल्प."

तीन दिवस आमच्यापैकी कोणी चिसोमोला 'कुठे निघालास' असंही विचारलं नाही. चौथ्या दिवशी, गुरुवारी अकराला, मंजुरीचा मेल आला. त्यानं तो उभ्यानं वाचला, मग खाली बसून पुन्हा वाचला आणि चेहरा ओंजळीत धरून हसत सुटला.

अक्कांनी एकच विचारलं, "पत्ता कुठला लिहिलाय?"

त्यानं मोबाइल पुढे केला. त्यांनी स्वतःचा घर नंबर बोट ठेवून वाचला.

"सरी, ठीक आहे," म्हणाल्या, "आता हात धुवा सगळे. उप्पीट गार होतंय."