कारणाचा रकाना

"हात दाखव."

हजेरीच्या खिडकीशी कोणीही आलं की आत बसलेले भाऊ आधी एवढंच म्हणायचे. नाव मागाहून. बांगड्या सैल असल्या तर दोरा बांधायला लावायचे, बोटात अंगठी असली तर काढायला लावायचे आणि मगच वहीत खूण करायचे. जुने मजूर थट्टा करत. "भाऊ, लगन कधी होईन थे बी सांगा!"

"लगन सोड बे. आधी जेवाले बोटं राहू दे."

नांदुऱ्याजवळच्या त्या जिनिंगमध्ये मी काट्यावर होतो, कापसाच्या गाड्यांचं वजन करायला. ते टाइमकीपर. वडनेर भोलजीहून सायकलीवर यायचे. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मालकसुद्धा.

तुम्हाला वाटेल, माणूस मोठा गोड असेल. छे! एक नंबरचा तिरसट. चहा पाणचट निघाला तर कँटीनवाल्याशी दोन दिवस अबोला. मजुराला नुसतं खरचटलं तरी अपघाताची वही काढून बसायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, एवढ्याशा ओरखड्यासाठी काऊन वही खराब करता?" तर म्हणाले, "तुह्या बापाची हाये काय वही?"

एका हंगामात कांताबाईचा हात रेच्यात गेला. कापसातून सरकी वेगळी करणारी ती मशीन. मशीनच्या तोंडावरची जाळी कापूस अडकतो म्हणून आदल्याच दिवशी मुकादमाने फिटरकडून काढून घेतली होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. बाईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्याच वर्षी विमा कंपनीने नियम बदलला होता. अपघात मजुराच्या स्वतःच्या चुकीने झाला असं कागदावर आलं, तर त्याचा भार मालकाच्या विम्यावर धरायचा नाही, मालकाला सवलत. आणि मजुराचा दावा मात्र लुळा पडणार. मॅनेजर नवा छापील कागद घेऊनच बसले होते. दवाखान्यातून सुटल्यावर बाई हाताला पट्टी बांधून ऑफिसात आली. मॅनेजरांनी तिला खुर्ची दिली आणि गोड आवाजात विचारलं, "कसं झालं बाई?"

बाईचे डोळे भरून आले. "काय सांगू जी. माहीच चूक झाली."

"लिहा भाऊ," मॅनेजर म्हणाले. "कारणाच्या रकान्यात. ती स्वतःच सांगते आहे."

भाऊंनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, तुमी बाहेरगावचे हा, तुमाले समजत नाही. आमच्याकडं बाया अशाच बोलते. माही माय वारली, तवा हेच कांताबाई माह्या दारात बसून रडे. म्हणे, माहीच चूक झाली, काल यायले पाह्यजे होतं. मंग माही माय काय हिनं मारली?"

मॅनेजर वाईट माणूस नव्हते, त्यांच्याही डोक्यावर मालक होता. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तर ऐकलंत ना? साक्षीदार म्हणून सही करा."

मी खिडकीतून काट्याकडे बघत राहिलो. सही केली नाही, पण जाळीबद्दलही तोंडातून एक शब्द काढला नाही. घरी दोन लेकरं होती, हे खरं. पण लाज वाटते ती वाटतेच.

भाऊंनी टोपण काढलं आणि अपघाताच्या वहीत, कारणाच्या रकान्यात लिहिलं: जाळी काढलेली होती. बाईने काढली नाही.

हंगाम संपल्यावर त्यांना सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी येऊ नका, वय झालं. त्यांनी कुरकूर केली नाही. बाईला मात्र वहीचं ते पान कुठे आहे ते सांगून गेले. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. मी मातीला गेलो होतो. माणसं फार नव्हती.

बाईच्या दाव्याची सुनावणी बुलडाण्याला लागली. मॅनेजरांच्या जागी तोवर दुसरेच आले होते. जिनिंगचे वकील म्हणाले, या नोंदीखाली सही नाही, ही कोणीही मागाहून घुसडली असेल. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बाईच्या अर्जावरून मागवलेली ती वही वर धरली. "हे अक्षर कोणी ओळखतं का?"

मला वजनाचे कागद दाखवायला म्हणून मालकाने पाठवलं होतं. बोलायचं काही कारण नव्हतं. तरी उठलो. म्हटलं, "मी ओळखतो. माझ्यासमोर लिहिलं. आणि जाळी मुकादमाने काढायला लावली, ते मी डोळ्यांनी पाहिलं." मग साहेबांनी विचारलं म्हणून भाऊंचं संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

निकाल पुढे बाईच्या बाजूने लागला. माझी नोकरी गेली, ती जाणारच होती. पण त्या दिवशी निकालाचं काही ठरलेलं नव्हतं. आम्ही दोघं बाहेर पायरीवर उभे होतो. बाई म्हणाली, "दादा, भाऊचं नाव काय म्हनलं तुमी आतमंदी? आमी जलमभर भाऊच म्हनत आलो."

मी पुन्हा सांगितलं. तिने ते धडा पाठ करणाऱ्या पोरीसारखं हळूहळू म्हणून पाहिलं. आडनावापाशी अडखळली.

"अजून एक बार सांगा जी," ती म्हणाली.